डाउनटन ॲबी टिकलं, मग आपल्या गावची गढी का पडली?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा बसमध्ये बसून वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा लिहून देतोय. बोलताना शंभरदा येणारं ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याचा मेसेज होता, “डाउनटन ॲबी बघतोय. इंग्लंडमधले हे एवढे मोठाले वाडे कोणी बांधले, कसे टिकले, सांगा ना.” सांगतो. पण मला इंग्लंडला जायचं तर मी तिवसा तालुक्यातूनच जाणार, कारण त्या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या गावागावांत उभी आहे. उभी म्हणजे अर्धी पडलेली. आपण तिला गढी म्हणतो.

वऱ्हाडातल्या मुलांना गढी काय असते हे सांगावं लागत नाही. गावाच्या मध्यात किंवा एका टोकाला पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा, एखादा फुटका बुरूज, त्यावर निंबाचं झाड, आणि बहुतेक ठिकाणी माथ्यावर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. गावातली सगळ्यात उंच जागा तीच, मग टाकी तिथंच येणार. लहानपणी सांगितलेलं असतं की रात्री तिकडे जायचं नाही, आतून भुयार निघतं, थेट गाविलगडापर्यंत जातं. सगळ्याच गावांची भुयारं गाविलगडापर्यंत जातात. मेळघाटाखाली एवढी भुयारं असती तर डोंगर केव्हाच खचला असता.

आधी इंग्लंडचं उरकून घेऊ. ‘मॅनर’ हा शब्द आपण घरासाठी वापरतो, पण मुळात तो घराचा शब्दच नव्हता. मॅनर म्हणजे एका सरदाराच्या ताब्यातली जमीन, त्यावरची माणसं आणि त्या माणसांवरचा त्याचा हक्क. १०८६ मध्ये विल्यम राजानं इंग्लंडची मोजणी करून ‘डूम्सडे बुक’ तयार करवलं, त्यात गावोगावची अशी मॅनर नोंदवलेली आहेत: जमीन किती, नांगर किती, गिरणी आहे का, कर किती. कुळांनी सरदाराच्या खाजगी शेतावर आठवड्यातून ठरलेले दिवस फुकट राबायचं. भांडण झालं तर न्यायनिवाडाही सरदाराच्याच दालनात. म्हणजे कचेरी, कोठार, कोर्ट आणि मालकाचं राहतं घर, सगळं एकाच छपराखाली. दंगेधोप्याचा काळ असल्यानं काहींनी भोवती खंदक खणले, आणि तटाला लढाऊ कंगोरे ठेवायचे असतील तर राजाकडून परवानगी घ्यायची पद्धत होती.

मग १३४८ ची प्लेगची साथ आली, मजूर मेले, उरलेल्यांचा भाव वाढला आणि फुकटची राबणूक सैल होत गेली. पुढे देशात शांतता आली तशा भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या. १५९० च्या दशकात बांधलेल्या हार्डविक हॉलच्या नुसत्या खिडक्या बघा, फोटो सहज मिळतील. ज्या घराला हल्ल्याची भीती आहे ते घर एवढी काच लावत नाही. गढीचं बंगल्यात रूपांतर होणं म्हणतात ते हेच.

आता आपल्याकडे या.

वऱ्हाडात परगण्याचा वसुली अधिकारी म्हणजे देशमुख, त्याचा हिशोब ठेवणारा देशपांडे, गावपातळीवर पाटील आणि पटवारी. आज ही आडनावं आहेत, तेव्हा ती कामं होती. देशमुखी मराठा-कुणबी घराण्यांत होती, ब्राह्मणांत होती, आणि मुसलमान देशमुखही आपल्याकडे आहेतच. इमादशाही गेली, निजामशाही आली, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं, नंतर निजाम आला, नागपूरकर भोसले आले. वरचा धनी बदलत राहिला, खालचा देशमुख तोच राहिला. कारण कोणत्या शेतात काय पिकतं आणि कोणत्या कुळाकडून किती निघेल हे त्यालाच माहीत. दिल्लीला नाही आणि हैदराबादलाही नाही.

इथे एक मोठा फरक आहे, तो लक्षात ठेवा, पुढे कामी येईल. इंग्लंडचा लॉर्ड जमिनीचा मालक होता. आपला देशमुख परगण्याचा मालक नव्हता. त्याच्याकडे वतन होतं, म्हणजे वसुलीतला वंशपरंपरागत हिस्सा, काही इनाम जमीन आणि मानपान. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळी पहिली कोणाची पेटणार, हेसुद्धा वतनात येत होतं, आणि त्यावरून डोकी फुटत होती.

अठराव्या शतकात वऱ्हाडची दशा अशी झाली की एका मुलखाला दोन धनी: एकीकडे निजाम, दुसरीकडे भोसले. याला दोअमली म्हणतात. दोघांचेही वसुलीवाले येणार, आणि दोघांच्या मधल्या फटीतून पेंढारी घुसणार. पेंढाऱ्यांकडे तोफा नव्हत्या. घोडे होते, भाले होते आणि घाई होती. लुटायचं, जाळायचं आणि फौज यायच्या आत पुढचं गाव गाठायचं. अशा माणसाला अडवायला गाविलगड लागत नाही. जाड मातीची भिंत, मजबूत दार, आत एक विहीर आणि दोन-चार दिवसांचं धान्य असलं की पुरे. तो दोन दिवस थांबूच शकत नाही. गढीची सगळी रचना या एका हिशोबावर उभी आहे. व्यापाऱ्यांच्या अमरावतीनं हाच हिशोब मोठ्या मापावर केला. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट तुम्ही रोज ओलांडता ना, तो परकोट निजामाच्या अमलात १८०७ ते १८२१ दरम्यान बांधला गेला, आणि त्यामागेही पेंढाऱ्यांची धास्ती होती.

आता माती. हा माझा आवडता भाग आहे, इथे मी जरा रेंगाळणार.

जुन्या मराठीत गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या कागदांत ‘काळीचा’ कर वेगळा आणि ‘पांढरीचा’ वेगळा. हे नुसतं काव्य नाही, मातीचा रंग खरोखर बदलतो. आपली कपाशीची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की मोबाइल पडला तर परत मिळत नाही. या मातीची भिंत उभी केली तर एका पावसाळ्यात फुटणार. पण जिथे माणसं शेकडो वर्षं राहतात तिथे चुलीची राख, शेण, चुना, हाडं, पडलेल्या घरांच्या भिंती असं सगळं थरावर थर साचत जातं. ती माती फिकट, भुरकट होते, आणि मुख्य म्हणजे तिचं फुगणं-आक्रसणं फार कमी होतं. हीच पांढरी माती. म्हणजे वऱ्हाडात चांगली भिंत बांधायची तर आधीच्या लोकांच्या वस्तीतूनच माती उचलावी लागते. आपल्या पूर्वजांनी पूर्वजांच्या राखेतून घरं बांधली, असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे.

बांधायची पद्धत अशी. खाली दगडाचा पाया. त्यावर पांढरी माती, कुटार आणि शेण घालून पायांनी तुडवून केलेला गारा. हातभर थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती. घाई केली की भिंत पोट काढते. आतल्या बांधकामाला सागवान: खांब, तुळया, वर कडीपाट, आणि त्यावर पुन्हा मातीचं धाबं. दार एवढं मोठं की अंबारी जाईल असं गावकरी सांगतात, पण रोजची ये-जा त्यातल्या छोट्या दिंडीतून, मान वाकवून. मान वाकवायला लावणं हाही दिंडीचा उद्देश होता. वाकलेल्या माणसाला तलवार काढता येत नाही. आत देवडी, तिथे पहारेकरी. मग चौक, ओसरी, सदर. भिंतीच्या पोटात धान्य साठवायची पोकळ जागा म्हणजे बळद, आणि जमिनीखाली पेव. ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं आपण म्हणतो ना, तिथे हाच शब्द आहे.

मातीची भिंत म्हणजे कच्ची, असं आपल्या डोक्यात बसलंय. जरा इतिहास बघा. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं आपला गाविलगड, एवढा दगडी, एवढा उंच, तीनेक दिवसांच्या तोफमाऱ्यानंतर १५ तारखेला घेतला. आणि १८०५ मध्ये इंग्रजांचाच सेनापती लेक राजस्थानातल्या भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा चालून गेला आणि चारही वेळा परतला. दगडी भिंतीला गोळा लागला की चिरा फुटतो, चिऱ्याबरोबर शेजारचा हलतो. मातीत गोळा रुतून बसतो. सगळ्या गढ्या भरतपूर होत्या असं नाही, आपल्या गावची गढी तोफेपुढे टिकली नसती. पण ‘मातीची होती म्हणून पडली’ हे उत्तर चूक आहे, एवढंच.

गढीला मारतं ते पाणी, आणि तेसुद्धा वरून. धाब्यावर दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती दाबावी लागते, भिंतीला गिलावा द्यावा लागतो. हे काम दहा-पंधरा माणसांचं, दरवर्षी, न चुकता. ज्या वर्षी ते थांबलं त्या वर्षापासून गढी मरायला लागते. एकदा छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यातून पाणी आत उतरतं आणि दहा-बारा पावसाळ्यांत खेळ संपतो. म्हणजे खरा प्रश्न असा: हे काम का थांबलं?

आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, जो गढीबद्दल बोलताना लोक सोयीस्कर विसरतात: ते काम करत कोण होतं? पैसे देऊन? गढीची माती तुडवणारे, गवत-लाकूड वाहणारे, रात्री वेशीवर जागणारे लोक बहुतेक वेठीला धरलेले असत. वेसकराचं काम महारांकडे वतन म्हणून लावलेलं होतं, आणि त्या वतनात मान कमी आणि राबणूक जास्त. बायकांचा विचार करा. मोठ्या घरची सून लग्न होऊन दिंडीतून आत गेली की तिला चौकावरचं आभाळ तेवढं दिसायचं. तेव्हा गढी पडली म्हणून सगळ्यांनीच रडावं अशी अपेक्षा मी तरी करत नाही. माझ्या एका मित्राची पणजी म्हणे गढीसमोरून जाताना चप्पल हातात घेत असे. त्याला मी ‘हेरिटेज’ कोणत्या तोंडानं सांगू? पण तोच मित्र गढीचे फोटो सगळ्यात जास्त काढतो, हेही सांगितलं पाहिजे. तो म्हणतो, भिंत आमच्याच लोकांनी बांधली, तिच्यावर आमचाही हक्क आहे. मला हे पटतं.

तर काम का थांबलं. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवलं, त्यांच्या फौजेच्या खर्चापोटी. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबई पद्धतीनं शेतन् शेत मोजलं आणि रयतवारी लावली: प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, त्याचं क्षेत्र, त्याचा सारा, आणि तो थेट सरकारात. मग मधल्या देशमुखाची गरज काय? त्यांचं काम गेलं आणि जुन्या हक्काच्या बदल्यात ठरीव रक्कम चालू राहिली. रक्कम मिळत होती, पण लोक दारात येणं थांबलं. फौजफाट्याचंही तेच. देऊळगाव राजाच्या जाधवांचं उदाहरण बघा. हे लखुजी जाधवांचं घराणं, म्हणजे जिजाऊंचं माहेर. १८५१ मध्ये त्यांच्या पदरचे अरब शिपाई निजामाच्या बाजूच्या इंग्रजी फौजेशी लढले. घराण्याचं वतन जप्त झालं आणि घराण्याचा प्रमुख १८५६ मध्ये कैदेत वारला. आता खाजगी शिपाई ठेवायचे दिवस संपले, हे त्यातून सगळ्यांना कळलं असणार.

आणि पेंढारीही संपले होतेच. भिंतीची गरज उरली नाही. त्यातच अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ आपण उगाच म्हणत नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. ज्यांच्याकडे कापसाचा पैसा आला त्यांनी गढीबाहेर, रस्त्याच्या कडेला, खिडक्या असलेले सागवानी वाडे बांधले. हार्डविक हॉलची गोष्ट आठवते का? भीती गेली की खिडकी मोठी होते. तिकडे हे १५९० च्या सुमाराला झालं, आपल्याकडे १८७० च्या पुढेमागे.

मग दोन्हीकडे सारखंच झालं म्हणायचं तर तिकडचे वाडे उभे आणि आपले पडले, असं का?

पहिलं कारण वारसा. इंग्लंडमध्ये घर आणि जमीन सगळी थोरल्या मुलाला. धाकट्यांनी फौजेत जावं, चर्चमध्ये जावं, नाहीतर हिंदुस्थानात यावं. डाउनटन ॲबीची अख्खी पहिली सीझन याच भांडणावर चालते: तीन मुली आहेत, मुलगा नाही, तर इस्टेट कुठल्यातरी लांबच्या चुलतभावाला जाणार. अन्यायच आहे तो. पण घर अखंड राहतं. आपल्याकडे वाटण्या. तीन भावांचे तीन हिस्से, त्यांच्या पोरांचे नऊ. चौकात भिंत येते, विहीर सामाईक राहते, आणि सामाईक धाब्यावर माती कोणी टाकायची यावरून पाच वर्षं कोर्ट चालतं. तोवर धाबं खाली येतं. वाटणी जास्त न्यायाची आहे, हे मी मान्यच करतो. पण मातीच्या भिंतीला भाऊबंदकी पावसापेक्षा जास्त लागते.

दुसरं कारण पैसा, आणि हा पैसा कुठून आला तेही बघा. गाविलगड घेणारा तो आर्थर वेलस्ली. त्याच्या पंधरवडाभर आधी, २९ नोव्हेंबर १८०३ ला, त्यानंच आपल्या अकोला जिल्ह्यात अडगावची लढाई जिंकली होती. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्यानंतर वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, आणि पार्लमेंटनं दिलेल्या पैशातून १८१७ मध्ये त्याच्यासाठी हॅम्पशर परगण्यात स्ट्रॅटफील्ड से नावाचं घर आणि इस्टेट घेतली गेली. त्याचे वंशज आजही तिथे आहेत. डाउनटन ॲबीचं शूटिंग झालं ते हायक्लेअर कॅसल त्याच परगण्यात. तिकडे ग्लॉस्टरशरमध्ये कंपनीत पैसा कमावून गेलेल्या कॉकरेल घराण्यानं सेझिनकोट नावाचं घर बांधलं, त्यावर चक्क मोगली पद्धतीचा घुमट आहे. म्हणजे आपल्याकडे जप्ती आणि तिकडे घुमट. अर्थात सगळी घरं हिंदुस्थानच्या पैशाची नाहीत, शेती, लोकर, खाणी, साखर असं पुष्कळ काही त्यामागे आहे.

तिसरं कारण जरा वेगळं आहे: तिकडचेही सगळे टिकले नाहीत! १८९४ मध्ये तिथे मालकाच्या मृत्यूनंतर इस्टेटीवर लागणारा नवा कर आला. तेव्हा कमाल ८ टक्के. वाढत वाढत १९४९ पर्यंत सगळ्यात मोठ्या इस्टेटींवर तो ८० टक्क्यांवर गेला. त्यात पहिल्या महायुद्धात वारस मेले, नोकर मिळेनात. विसाव्या शतकात हजाराहून जास्त मोठी घरं पाडली गेली. शिसं, लाकूड, चिरे विकून जमीन मोकळी केली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं या पाडलेल्या घरांचं एक प्रदर्शन भरवलं तेव्हा लोक हादरले. त्याआधी १९३७ मध्ये तिकडच्या नॅशनल ट्रस्टनं एक योजना काढलेली होतीच: घर ट्रस्टला द्या, कर टळेल, तुम्ही एका भागात राहा, बाकी लोकांना तिकीट लावून दाखवू. आज तुम्ही स्क्रीनवर जे बघता ते अशा उरलेल्यांपैकी आहे. हायक्लेअरसुद्धा तिकिटांवर आणि शूटिंगवर चालतं.

आपल्याकडे कायदे आले ते वेगळ्या हेतूनं, आणि योग्य हेतूनं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी, जहागिरी असले हक्क गेले. १९५८ मध्ये विदर्भाचा कूळकायदा आला, मग १९६१ चा सीलिंगचा कायदा. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊ लागली. गढीवाल्यांची पोरं अमरावती, नागपूर, पुण्याला शिकायला गेली. पण घर वाचवायची नॅशनल ट्रस्टसारखी कोणतीही योजना त्यासोबत आली नाही. जमिनीचा प्रश्न सुटला, भिंतीचा कोणी विचारच केला नाही.

आता माझ्या आजोळची गढी. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या कोणीतरी डिटेक्टर आणि मांत्रिक घेऊन पोचेल. गुप्तधनाच्या नादात वऱ्हाडात किती गढ्या रात्री खणल्या गेल्या याची मोजदाद नाही. तर आमच्याकडे दोन बुरूज होते, आता एक आहे. दुसरा विटांच्या भट्ट्यांत आणि लोकांच्या भिंतींत गेला. ही माती फार कामाची. घर पोतारायला चांगली, आणि राख-शेणाची असल्यानं शेतात टाकली तरी पीक उठतं. मी मामाला म्हटलं, हे थांबवा. मामा म्हणाला, “तुले फोटू काढाचा हाये राजा, लोकाईले घर पोताराचं हाये. पोयाच्या आंधी माती कुठून आनाव, सांग?” मला उत्तर देता आलं नाही. टोपलीभर मातीनं बुरूज पडत नाही, हेही खरं. बुरूज पाडला तो जेसीबीनं, दोन दुपारींत.

त्या जेसीबीनं काय गेलं, हे सांगायला आपल्या तालुक्यातलंच उदाहरण आहे. वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर, जिथे आपण कार्तिकात जत्रेला जातो. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी तिथल्या पांढरीत उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाचे आणि त्याहीआधीच्या वस्तीचे थर निघाले. दोन हजार वर्षांपूर्वीचं घर आपल्या पायाखाली होतं. आणि अलीकडचं बघा: जून २०२४, सिंदखेड राजा. लखुजी जाधवांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला जमिनीत आधी जुन्या मंदिराचा पाया लागला आणि मग शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती. ती मिळाली कारण माती थर बघत, ब्रशनं काढली जात होती. जेसीबीच्या दातात ती आली असती तर रस्त्याच्या भरावात गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. सगळ्या गढ्या सरकार वाचवणार नाही, ते होणारही नाही. सिंदखेड राजाचा लखुजींचा वाडा किंवा बाळापूरचा किल्ला संरक्षित होतो, गावच्या पाटलाची गढी होत नाही. पण थोडं कायद्याचं माहीत असू द्या. विकायला किंवा विटांसाठी माती काढायची तर ती गौण खनिजात येते, तहसीलची परवानगी लागते. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. होय, दहा रुपये, तो आकडा अजून तसाच आहे. आणि सध्या सगळ्यात महत्त्वाचं: २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं निघतायत. तुमच्या गावची गढी त्या नकाशात कोणाच्या नावावर लागते, ग्रामपंचायतीच्या, सरकारच्या की तेवीस भावकीच्या, हे बघा. एकदा लागलं की मग पुढची पन्नास वर्षं त्यावरच भांडण चालेल. हरकतीची मुदत असते तेव्हाच बोलायचं असतं.

आमच्या गावात एवढं ठरलंय की उरलेल्या बुरुजाच्या माथ्यावर यंदा पावसाळ्याआधी ताडपत्री आणि मातीचा थर टाकायचा. घरची माती लागेल त्यांनी पलीकडच्या पडलेल्या ढिगातून घ्यायची, बुरुजाच्या तळातून नाही. तळ पोखरला की वरचा भाग स्वतःच खाली येतो, हे आमच्या मामालाच सगळ्यात चांगलं माहीत. त्यानंच ते ग्रामसभेत सांगितलं. भावकीतल्या तिघांनी होकार दिलाय, चौथे पुण्यात असतात, त्यांचा फोन लागत नाही.

तुमच्या गावात गढी असेल तर एक काम करा. पाऊस सुरू व्हायच्या आत चारही बाजूंनी फोटो काढा, दाराची रुंदी पावलांनी मोजा, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की आत काय काय होतं. म्हाताऱ्या पुरुषाला विचारलं तर तो लढायाच सांगेल. धान्य कुठे होतं आणि पाणी कुठून यायचं हे बाईलाच ठाऊक असतं. १९११ चं अमरावती जिल्ह्याचं आणि १९१० चं अकोल्याचं इंग्रजी गॅझेटियर मोबाइलवर फुकट वाचता येतं, त्यात तुमच्या गावाचं नाव शोधा. काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा, दोन मिनिटांच्या आत, आणि प्लीज मागे ट्रॅक्टर चालू नको. गावाचं नाव मी जाहीर करणार नाही.

पुढच्या एपिसोडला अमरावतीच्या परकोटात जाऊ, खुनारी खिडकीला ते नाव का पडलं त्याची गोष्ट आहे. तोवर राम राम.